भद्रे मॅडम आणि सावरवाडीचा ओढा

बी.एस्सी.ला आलेल्या मुलांच्या पहिल्याच प्रात्यक्षिकाला भद्रे मॅडम प्रत्येक टेबलावर एक पांढरी एनॅमलची ताटली ठेवायच्या. ताटलीत बोटभर पाणी आणि मूठभर वाळू. मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवायच्या आणि म्हणायच्या, “दहा मिनिटं. जे दिसतं ते लिहा. शेजाऱ्याच्या वहीत बघू नका, त्यालाही काही दिसत नसतं.”

मी लिहिलं होतं : पाणी, वाळू, एक काडी. पुढे काही सुचेना म्हणून ताटलीच्या कडेला टवका उडालाय, तेही लिहिलं. मॅडम माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी वही वाचली. “टवका दिसला म्हणजे डोळे चांगले आहेत,” त्या म्हणाल्या. “आता वाळूकडे बघ. एकेका दाण्याकडे. जो दाणा चालायला लागेल, तो दाणा नव्हे.”

मी बघत राहिले. दोन-तीन मिनिटांनी एक तांबडा ठिपका खरंच चालायला लागला. खसखशीएवढा, आठ पायांचा. मी ओरडलेच. सगळी मुलं माझ्या टेबलाभोवती गोळा झाली. मॅडम शांतपणे म्हणाल्या, “हा पाण्यातला कोळी. तुमच्या वांग्यावर, कापसावर लाल कोळी पडतो ना, त्याचा लांबचा भाऊबंद. हा पिकाला काही करत नाही. म्हणून तर याला कुणी ओळखत नाही.”

ही कंधारच्या आमच्या कॉलेजातली गोष्ट. मी मूळची अर्धापूरची. घरी केळीची शेती. कंधारला मामाकडे राहून शिकत होते. विशाखा भद्रे हे मॅडमचं पूर्ण नाव, पण कॉलेजात त्यांना विशाखा म्हणणारं कुणी नव्हतं. अंगानं किरकोळ, फिकट रंगाच्या सुती साड्या, आणि पायात पुरुषांचे कॅनव्हासचे बूट. ओढ्यात उतरताना बूट काढून दोरीनं गळ्यात अडकवायच्या. लग्न केलं नव्हतं. भाऊ नांदेडला एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होते. रविवारी सकाळच्या बसनं त्यांच्याकडे जायच्या आणि संध्याकाळी परत यायच्या. बाकीचे सहा दिवस कॉलेजच्या मागच्या दोन खोल्या आणि प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा, एवढंच त्यांचं जग.

वर्गात त्या पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलत. पण ओढ्याच्या पाण्यात पाय टाकला, की त्यांची भाषा आपोआप घरची व्हायची. डोळा भिंगाला लावून त्या तासन्‌तास बसायच्या. कुणी विचारलं, “मॅडम, काही मिळालं का?” तर उत्तर ठरलेलं : “बघून राहिले, पण दिसून न्हाई राहिलं.” आम्ही मुलं परीक्षेचा पेपर अवघड गेला की हेच वाक्य एकमेकांना ऐकवायचो.

त्यांच्या प्रयोगशाळेत एक शब्द बंद होता. पाठ्यपुस्तकात जिथे जिथे प्राण्यांची ‘जात’ असं छापलेलं असे, तिथे त्या आम्हाला पेन्सिलीनं खोडून ‘प्रजाती’ लिहायला लावायच्या. एका मुलानं विचारलं, “मॅडम, अर्थ तर एकच की.” मॅडम म्हणाल्या, “अर्थ एक असता तर बरं झालं असतं. माणसाची जात लोक आडनाव ऐकताक्षणी ठरवतात. या कोळ्याची प्रजाती ठरवायला मला सात-सात वर्षं लागतात. दोन्हीला एक शब्द कसा चालेल?” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. पण त्यानंतर त्या खोलीत तो शब्द कुणी उच्चारला नाही.

एम.एस्सी. करून मी त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला आले आणि त्यांच्याच हाताखाली पीएच.डी.ला नाव नोंदवलं. पहिल्या दिवशी त्यांनी कपाटातून एक चिमुकली काचेची कुपी काढली. आत ग्लिसरीन, ॲसिटिक ॲसिड आणि पाणी यांच्या मिश्रणात एक ठिपका तरंगत होता.

“सावरवाडीच्या ओढ्यातली मादी,” त्या म्हणाल्या. “जिवंत होती तेव्हा मधासारखी पिवळी होती, पाठीवर जांभळट नक्षी. कुपीत रंग जातो, म्हणून लिहून ठेवलंय. जगातल्या सगळ्या वर्णनांशी ताडून पाहिली. कुठेच बसत नाही, अनिता. ही नवीन आहे.”

मला वाटलं, आता चित्रं काढायची, वर्णन लिहायचं आणि पाठवून द्यायचं. तसं मी म्हणालेही. मॅडमनी कुपी परत कपाटात ठेवली. “एका जिवावरून कुणाचं नाव ठरवायचं नसतं. हिचा नर पाहिजे.”

या कोळ्यांमध्ये शेजारच्या दोन प्रजातींच्या माद्या पुष्कळदा हुबेहूब सारख्या असतात. खरा फरक नराच्या पोटावरच्या कवचात दिसतो. शास्त्राच्या दृष्टीनं केवळ मादीवरून वर्णन छापता येतं, अनेक लोक छापतातही. परदेशातल्या एका जाणकारांनी मॅडमना तसं कळवलंही होतं. पण मॅडम ऐकत नव्हत्या. त्याचं कारण त्यांनी मला पुढे एकदा ओढ्याकाठी भाकरी खाताना सांगितलं. तरुणपणी त्यांनी एका नगावरून घाईनं एक नवं नाव छापून टाकलं होतं. दोन वर्षांत सिद्ध झालं, की तो जुनाच, ओळखीचा कोळी होता. “ती चूक अजून छापलेली हाय, आणि माझ्या नावावर हाय,” त्या म्हणाल्या. “घाई झालेल्या माणसाला दोन वेगळ्या गोष्टी एक दिसतेत आणि एक गोष्ट दोन दिसती. मला पुन्हा तसं करायचं न्हाई.”

सावरवाडी म्हणजे बालाघाटाच्या डोंगरातलं पन्नास-साठ घरांचं गाव. कंधारहून बस फाट्यापर्यंत जाते, पुढे पाऊण तास चालायचं. गावाखालून ओढा वाहतो. उन्हाळ्यात वरून कोरडा दिसला तरी एका वळणावर खडी उकरली, की खालून गार पाणी झिरपत यायचं. मॅडमचे कोळी त्या खडीच्या फटीत राहायचे. मी पाण्यात वाकून बारीक जाळी धरायची, मॅडमनी माझ्यापुढे उभं राहून पायानं खडी हलवायची, मग जाळीतला गाळ पांढऱ्या ताटलीत ओतून दोघींनी काठावर उकिडवं बसायचं. एका ताटलीला अर्धा तास. दिवसभरात बारा-पंधरा ताटल्या. दिवाळीपासून होळीपर्यंत, दर आठवड्याला.

ओढ्याला लागून गयाबाई नावाच्या म्हाताऱ्या बाईचं शेत होतं. पहिले काही महिने ती बांधावरून नुसती बघत राहिली. एक दिवस खाली आली.

“काय हुडकून राहिल्या गं?”

“कोळी,” मॅडम म्हणाल्या. “लई बारीक असतो.”

“अन् तुमी कोणाच्या म्हणायच्या, बाई?”

“मी प्राणिशास्त्राची.”

“ते कोणचं गाव?”

मला हसू आवरेना. मॅडमही हसल्या, मग सरळ म्हणाल्या, “नांदेडची. भद्रे. जयभीमवाले हाव आम्ही.”

गयाबाईनं खुरपं कमरेला खोचलं. “बरं. च्या घेता का?” म्हणाली आणि थोड्या वेळानं तीन कप घेऊन आली. तिन्ही कप सारखे, निळ्या फुलांचे. परतताना फाट्यावर बसची वाट बघत असताना मॅडमनी बुटातली वाळू झटकली. मग म्हणाल्या, “माझी माय दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जायची. तिच्यासाठी कान तुटलेला कप वळचणीला खोचलेला असायचा. तिनं स्वतः काढायचा, पिऊन झालं की स्वतः धुऊन परत खोचायचा.” एवढंच बोलून त्यांनी विषय बदलला. पुढच्या आठवड्यात गयाबाईसाठी त्या नांदेडहून चहापत्तीचा पुडा घेऊन आल्या.

दोन हिवाळ्यांत आम्हाला आणखी दोन माद्या मिळाल्या. नर मिळाला तिसऱ्या हिवाळ्यात. मॅडमनाच दिसला. त्यांनी ड्रॉपरनं तो कुपीत घेतला, कुपी सूर्याकडे धरली आणि म्हणाल्या, “मादीहून लहान हाय. पोटाचा आकार बघ. अनिता, हा नर हाय.” त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते त्यांच्या लक्षातही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विच्छेदनाला बसलो. कोळ्याचे पाय, तोंडाजवळचे दोन हातासारखे अवयव, कवच, हे सगळं अणकुचीदार सुईनं वेगळं करायचं आणि काचपट्टीवर बसवायचं असतं. अशा कामात मॅडमचा हात धरणारं आमच्या भागात कुणी नव्हतं. गेले काही महिने मात्र त्या मला चहाचा कप भरून देत नव्हत्या, अर्धाच देत. फळ्यावरचं अक्षर बारीक होत चाललं होतं. माझ्या हे लक्षात आलं होतं, पण वयाचा परिणाम असेल असं वाटून मी विचारलं नाही.

त्यांनी सुई थेंबात घातली. नर सुईच्या टोकाशी होता. तेवढ्यात त्यांचा उजवा हात थरथरला. एकदा, मग पुन्हा दोनदा, जोरात. सुई काचेवर टकटक वाजली. मॅडमनी डोळा भिंगाला तसाच ठेवला.

“थेंबात न्हाई,” त्या म्हणाल्या. मग, “पंखा बंद कर. दार लाव. हलू नको.”

आम्ही आधी काचपट्टी पाहिली, मग टेबल. मग दोघी गुडघ्यांवर बसून फरशी पाहू लागलो. हातात भिंग आणि विजेरी. एक-एक फरशी. दुपार उलटून गेली. शेवटी मऊ कुंचल्यानं सगळी धूळ कागदावर गोळा केली आणि ती चिमूट-चिमूट करून सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. मुंगीचा पाय निघाला, खडूची भुकटी निघाली, पतंगाच्या पंखाचे खवले निघाले. नर निघाला नाही. मॅडमची साडी गुडघ्यावर काळी झाली होती.

मला त्यांच्याकडे बघवेना. मी म्हणाले, “मॅडम, माझाच टेबलाला धक्का लागला. मी सरकले होते.”

त्या उठून खुर्चीत बसल्या. “तू सरकली न्हाईस,” त्या म्हणाल्या. “माझ्यासाठी खोटं बोलून राहिलीस, ते मला समजतं. पण या खोलीत न्हाई बोलायचं. वही काढ.”

मी नोंदवही काढली. त्यांनी सांगितलं तसं लिहिलं : ‘नर, एक नग. विच्छेदन करताना हरवला. हात थरथरला.’ खाली त्यांनी सही केली. ती सही करायलाही त्यांना वेळ लागला. अक्षरं मुंगीएवढी आली.

मग त्यांनी सांगितलं, की नांदेडच्या डॉक्टरांनी वर्षापूर्वीच कंपवात असल्याचं निदान केलंय. भावाला सांगितलं नव्हतं. कॉलेजात तर नाहीच. “गोळ्या घेऊन राहिले. सकाळी हात बरा असतो. आज बरा वाटला होता,” त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर त्यांनी दोन्ही हात टेबलावर मोकळे ठेवले. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासले जात होते, जणू काही त्या वाळूचा दाणा चोळून बघताहेत. त्या स्वतःही त्या बोटांकडे बघत होत्या, एखाद्या नव्या प्राण्याकडे बघावं तशा.

“आता तुझे हात,” त्या म्हणाल्या.

मला ते काम जमत नव्हतं. त्यांनी मला आमच्या तळ्यातले साधे लाल कोळी दिले. पहिल्या महिन्यात मी पन्नासेक वाया घालवले असतील. कुणाचा पाय तुटायचा, कुणाचं कवच फुटायचं. त्या शेजारी बसून नुसतं बोलत राहायच्या : “सुई ढकलू नको, टेकव. श्वास सोडून झाला की हात हलव, घेताना न्हाई. तो फाटत नसंल तर तू चुकीच्या जागी हायेस, जोर वाढवू नको, जागा बदल.” हे शेवटचं वाक्य मी आजही माझ्या मुलांना सांगते. चित्रं काढायलाही त्यांनी मला शिकवलं. सूक्ष्मदर्शकाला आरशाची एक नळी लावतात, तिच्यातून एकाच डोळ्याला प्राणी आणि कागदावरची पेन्सिल दोन्ही एकदम दिसतात. एकेका पायावरचे केस मोजायचे, तेवढेच कागदावर काढायचे. एकही कमी नाही, एकही जास्त नाही.

पुढच्या हिवाळ्यात माझा हात बसला होता. आम्ही सावरवाडीला निघालो. मॅडम आता काठी घेऊन चालत होत्या, आणि पाऊण तासाच्या वाटेला दीड तास लागला. वळणावरून ओढा दिसायच्या आधीच मशीनचा आवाज आला.

ओढ्याचं खोलीकरण चाललं होतं. खोदाईचं पिवळं मशीन पात्रात उतरलं होतं, आणि खडी, गाळ, मुळं असं सगळं उपसून दोन्ही काठांवर टाकत होतं. वरच्या अंगाला अर्ध्या किलोमीटरवर ओढ्याचा नुसता मातीचा कालवा झालेला दिसत होता. आमचं वळण अजून शाबूत होतं, पण मशीन त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर होतं. गयाबाई धावत आली. तिचा चेहरा फुलला होता.

“बाई, औंदा टँकर लागायचा न्हाई म्हंतेत! पाणी थांबंल, विहिरीला उतरंल. लई बरं झालं बगा.”

मी मॅडमच्या कानात म्हणाले, “मॅडम, आपण तहसीलला अर्ज करू. निदान एवढं वळण सोडा म्हणू. नवीन प्रजाती आहे म्हणून सांगू.”

मॅडम काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या होत्या. “या गावातल्या बायांनी उन्हाळाभर घागरी वाहिल्या. मी बघितलंय. माझ्या मायनं बी वाहिल्या,” त्या म्हणाल्या. “मी कोणत्या तोंडानं न्हाई म्हणू?” मग आवाज खाली आणून, “पण त्याचं बी घर हायच की गं हे. त्याला कोण विचारलंय?”

त्या स्वतः मशीनवाल्याकडे गेल्या. पस्तिशीचा, अहमदपूरकडचा माणूस होता. मॅडमनी त्याला काय सांगितलं ते मशीनच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. त्यानं मशीन बंद केलं आणि खाली उतरला.

“जेवून घेतो, मॅडम,” तो म्हणाला. “सावकाश जेवतो. तवर काय काढायचं ते काढून घ्या. त्याच्या पुढं मला थांबता येत न्हाई.”

त्या तासाभरात मी आयुष्यात कधी केलं नसेल एवढं काम केलं. जाळी, ताटली यांना वेळच नव्हता. गयाबाईनं घरातल्या बादल्या आणल्या, शेजारणीकडून घमेली आणली. मी वळणावरची खडी ओरबाडून पाण्यासकट भरत होते. गयाबाई कासोटा घालून पाण्यात उतरली आणि हातानंच खडी उपसू लागली. मॅडमना वाकता येत नव्हतं. त्या काठावर उभ्या राहून काठीनं जागा दाखवत होत्या, “तिथं न्हाई, त्या दगडाच्या खालची. हाव, तिथली. अजून खालची.” सहा बादल्या भरल्या. मशीनवाल्यानं हात धुतले आणि बादल्या गावातल्या टेम्पोपर्यंत न्यायला मदत केली. मग तो चढून बसला. मॅडम टेम्पोत बसल्या तेव्हा त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. मी पाहिलं. मशीनचा पहिला घास वळणावरच पडला.

प्रयोगशाळेत आम्ही बादल्यांत हवेच्या नळ्या सोडल्या आणि ताटलीमागून ताटली चाळायला लागलो. पहिल्या दिवशी दोन माद्या निघाल्या. दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी सहाव्या बादलीच्या तळाच्या गाळात, दुपारी चारच्या सुमाराला, मला नर दिसला. मी मॅडमना हाक मारली. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि नुसती मान डोलावली.

सकाळी मी विच्छेदनाला बसले तेव्हा त्या शेजारी बसल्या नाहीत. खिडकीशी जाऊन मैदानाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. “मला काही सांगू नको,” म्हणाल्या. “झालं की सांग.” मी श्वास सोडत, थांबत, सगळे भाग वेगळे केले आणि काचपट्टीवर बसवले. दोन तास लागले असतील. “झालं, मॅडम,” मी म्हणाले. त्या वळल्या तेव्हा खिडकीच्या गजाचे वळ त्यांच्या कपाळावर उमटले होते.

नराच्या पोटावरचं कवच कुठल्याच ओळखीच्या कोळ्याशी जुळलं नाही. प्रजाती नवीन होती. वर्णन लिहायला सात महिने लागले. हाताला लेखणी धरवत नव्हती, म्हणून त्या सांगायच्या, मी लिहायचे, मग त्या ऐकायच्या आणि खोडायला लावायच्या. दोन गोष्टींवरून आमचा वाद झाला. माझं नाव आधी टाकायला त्यांनी लावलं. “हात तुझे हायेत,” एवढंच कारण दिलं. दुसरा वाद प्रजातीच्या नावावरून. मला वाटत होतं, मॅडमच्या नावावरून काहीतरी ठेवावं. त्या चिडल्या. “स्वतःच्या बारशाला स्वतःच नाव ठेवू का? गावाचं नाव दे. ओढा गेला. नाव तरी कुठंतरी लिहिलेलं राहू दे.” म्हणून त्या कोळ्याच्या लॅटिन नावात सावरवाडी आहे. ते गाव जिल्ह्याच्या नकाशावर शोधावं लागतं, पण आता जगातल्या पाण्यातल्या कोळ्यांच्या यादीत ते कायमचं आहे.

शोधनिबंध छापून येईपर्यंत मॅडम निवृत्त होऊन नांदेडला भावाकडे राहायला गेल्या होत्या. मी छापील प्रत घेऊन गेले. आजारानं त्यांचा चेहरा निर्विकार झाला होता. हसू ओठापर्यंत यायला वेळ लागायचा. आवाज इतका खोल गेला होता, की कान जवळ न्यावा लागे. त्यांनी कागद मांडीवर ठेवायला सांगितला आणि म्हणाल्या, “आढळस्थान वाच.”

मी वाचलं. ‘सावरवाडी गावालगतचा ओढा, खडीचं पात्र. हे ठिकाण आता मूळ स्वरूपात अस्तित्वात नाही. अन्यत्र ही प्रजाती आढळलेली नाही.’

“अन्यत्र बघितलं का आपण?”

“नाही, मॅडम. फारसं नाही.”

“मग तसं लिहायला पाहिजे होतं,” त्या म्हणाल्या. “‘आढळलेली न्हाई’ अन् ‘शोधलेली न्हाई’, फरक हाय. तू शोध. शेजारचे ओढे हायेत की.” बोलून त्या दमल्या. मी त्यांचा हात धरला. औषधांनी कंप थांबला होता. हात लाकडासारखा घट्ट होता.

त्या उन्हाळ्यात मॅडम गेल्या. झोपेतच गेल्या, असं त्यांच्या भावानं फोनवर सांगितलं. अंत्यविधीला वंदना झाली, त्रिसरण-पंचशील झालं. जुने विद्यार्थी बरेच आले होते. गयाबाई नातवाच्या मोटारसायकलवर मागे बसून सावरवाडीहून आली. ती कुणाला ओळखत नव्हती. एका बाजूला बसून राहिली आणि जाताना मला म्हणाली, “विहिरीला पाणी आलं गं. बाईला सांगायचं राहिलं.”

गेले तीन हिवाळे मी शेजारच्या ओढ्यांमध्ये जाळी घेऊन हिंडते आहे. अकरा ओढे झाले. तो कोळी अजून मिळालेला नाही.

मॅडम गेल्यावर महिन्यानं त्यांचे भाऊ, गौतमकाका, त्यांचं कॉलेजातलं सामान न्यायला कंधारला आले. सामान म्हणजे काय, दोन खोकी पुस्तकं आणि एक शाल. खोकी बांधून झाली तरी ते निघेनात. खुर्चीच्या कडेला बसून राहिले.

“पोरी,” ते म्हणाले, “ताईनं नेमकं काय केलं, ते मला एकदा नीट सांगशील का? लोक भेटायला येतेत, विचारतेत. मला सांगता येत न्हाई.”

मी सांगायला सुरुवात केली, पण शब्दांनी होईना. मग आमच्याकडे ठेवलेली मादीची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली लावली. मेकॅनिकचाच हात तो. फोकसचा स्क्रू त्यांनी इतका हलकेच फिरवला, की मला काही सांगावंच लागलं नाही.

“दिसलं,” ते म्हणाले. मग बऱ्याच वेळानं, “पायावर केस हायेत.”

“हो. मॅडमनी मोजलेत.”

“सगळे?”

“सगळे. आठही पायांचे.”

ते भिंगापासून हलले नाहीत. “दर रविवारी यायची,” ते म्हणाले. “आम्ही विचारायचो, बस मिळाली का, जेवलीस का, बरी हायेस का. हे कधी विचारलंच न्हाई. तीस वर्षं झाली, एकदा बी न्हाई.”

त्यांच्या खांद्यावरून त्यांना किती त्रास होतोय ते दिसत होतं. नांदेडची बस सुटायची वेळ होत आली होती, म्हणून मी हळूच तसं म्हणाले.

“जाऊ दे ती बस,” डोळा तसाच लावून ते म्हणाले. “मला अजून थोडं बघू दे.”

मी व्हरांड्यात येऊन उभी राहिले.